कबरीपाशी जन्मलेला संवाद

नाताळ जवळ येऊ लागला की आपल्या धर्मग्रामांतून नाटकांच्या तालमी सुरू होतात. मेंढपाळांसाठी घोंगड्या गोळा होतात, हेरोद राजाचा मुकुट सोनेरी कागदाने मढवला जातो, देवदूतांच्या पंखांवर मुली रात्र-रात्र काम करतात. उपवासकाळात प्रभूच्या दुःखसहनाची नाटके बसवली जातात, तेव्हाही वेशभूषा आणि प्रकाशयोजना यांवर असेच परिश्रम घेतले जातात. संवाद मात्र बहुधा घाईघाईने, एकाच बैठकीत लिहून काढले जातात. परिणामी मेंढपाळ प्रवचनकारासारखा बोलतो, बेथलेहेमचा धर्मशाळावाला पंडितासारखा उत्तर देतो आणि रोमन शिपाई आपण करीत असलेल्या पापाचे स्वतःच विवरण करतो. सगळे जण बोलतात, परंतु कोणी कोणाशी बोलत नाही. प्रत्येकाचे तोंड समोरच्या प्रेक्षकाकडे असते.

नाट्यसंवाद कसा लिहावा, या प्रश्नाचे उत्तर देणारे ग्रंथ पुष्कळ आहेत. परंतु ज्या प्रकारची नाटके आपण करतो, त्यांच्या संवादाला स्वतःचा असा एक हजार वर्षांहून अधिक जुना इतिहास आहे आणि तो ख्रिस्तसभेच्या उपासनेतच सुरू होतो, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते. युरोपातील मठवासीयांनी आणि त्यांच्यानंतर साध्या कारागिरांनी अनुभवातून जे शिकून घेतले, ते आजही आपल्या कामी येण्यासारखे आहे. त्या इतिहासातील काही टप्पे येथे पाहावयाचे आहेत.

आरंभी एक विसंगती ध्यानात घ्यावी लागेल. प्राचीन ख्रिस्तसभा नाटकाला मुळीच अनुकूल नव्हती. कार्थेजचा लेखक तर्तुलियन याने इ. स. २०० च्या सुमारास खेळतमाशांविरुद्ध स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि ख्रिस्ती माणसाने रंगभूमीपासून दूर राहावे असे बजावले. त्याला कारणही होते. रोमन रंगभूमी मूर्तिपूजेशी आणि बीभत्स करमणुकीशी जोडलेली होती आणि ख्रिस्ती विधींची टवाळीही तेथे होत असे. पुढे रोमन साम्राज्याच्या पश्चिम भागाची घडी विस्कटली, तशी ती मोठी नाट्यगृहे ओस पडली. फिरते विदूषक आणि गाणारे उरले, पण लिहिलेल्या नाटकाची परंपरा पश्चिम युरोपात जवळजवळ खंडित झाली. ती नव्याने अंकुरली, तेव्हा ज्या ख्रिस्तसभेने रंगभूमीकडे पाठ फिरवली होती, तिच्याच वेदीजवळ अंकुरली.

दहाव्या शतकातील मठांत उपासनेच्या ठरलेल्या गीतांना लहान लहान पुरवण्या जोडण्याची प्रथा होती. मूळ गीताचा अर्थ खुलवणाऱ्या या पुरवणीला ‘ट्रोप’ म्हणत. स्वित्झर्लंडमधील सेंट गॉल आणि फ्रान्समधील लिमोज येथील त्या शतकातील हस्तलिखितांत ईस्टरच्या उपासनेची अशी एक पुरवणी आढळते. तिच्या आरंभीच्या लॅटिन शब्दांवरून अभ्यासक तिला ‘क्वेम क्वेरितिस’ म्हणतात. तिच्यात जेमतेम तीन उद्गार आहेत. कबरीपाशी बसलेला देवदूत आलेल्या स्त्रियांना विचारतो की, तुम्ही कोणाचा शोध करीत आहात? त्या सांगतात की, क्रुसावर खिळलेल्या नाझरेथच्या येशूचा. देवदूत उत्तर देतो की, तो येथे नाही, त्याने सांगितल्याप्रमाणे तो उठला आहे. जा आणि ही वार्ता सांगा.

वरवर पाहता यात विशेष काही नाही. हा प्रसंग आपण दरवर्षी ऐकतो. परंतु शुभवर्तमान उघडून पाहिले तर एक सूक्ष्म फरक ध्यानात येतो. संत मत्तयाच्या आणि संत मार्कच्या वृत्तांतात देवदूत स्त्रियांना हा प्रश्न विचारतच नाही. त्या क्रुसावर खिळलेल्या येशूला शोधीत आहेत, हे तो स्वतःच बोलून दाखवतो. स्त्रिया त्याला काहीही उत्तर देत नाहीत. ज्या कोणा अनामिक मठवासीयाने ही पुरवणी रचली, त्याने देवदूताच्या विधानाचा प्रश्न केला आणि मुक्या स्त्रियांच्या मुखी उत्तर घातले. एवढ्या एका बदलाने वृत्तांताचे नाटक झाले.

असे का व्हावे? देवदूताला सर्व ठाऊक आहे. स्त्रियांना काहीच ठाऊक नाही. त्या सुगंधी द्रव्ये घेऊन मृतदेहाला माखण्यासाठी आल्या आहेत. त्यांना प्रेत हवे आहे आणि ते तेथे नाही. म्हणजे एका पात्राला काहीतरी तीव्रतेने हवे आहे, दुसऱ्यापाशी त्यासंबंधीचे सत्य आहे आणि ते सत्य पहिल्याच्या अपेक्षेच्या उलट आहे. तीन उद्गार संपतात, तेव्हा त्या स्त्रिया आल्या तशा राहिलेल्या नसतात. शोक करावयास आलेल्या त्या आता वार्ता घेऊन निघालेल्या असतात. बोलण्यापूर्वीचे पात्र आणि बोलल्यानंतरचे पात्र यांत फरक पडला, तरच त्या बोलण्याला नाट्यसंवाद म्हणावे. ही कसोटी त्या तीन उद्गारांत पूर्णपणे उतरली आहे.

या बीजाचे रोप झालेले आपल्याला इंग्लंडमध्ये दिसते. विंचेस्टरचा बिशप एथेलवोल्ड याच्या पुढाकाराने इ. स. ९७० च्या सुमारास इंग्लंडमधील मठांसाठी एक नियमावली तयार झाली. ‘रेग्युलारिस कॉन्कॉर्दिया’ हे तिचे नाव. तिच्यात ईस्टरच्या पहाटेच्या प्रार्थनेत हा प्रसंग कसा करावा याच्या सविस्तर सूचना आहेत. चार धर्मबंधूंपैकी एकाने शुभ्र झगा घालून, जणू दुसऱ्याच कामासाठी आलो आहोत अशा रीतीने, कोणाच्या ध्यानात न येता कबरीच्या जागी जावे आणि हाती झावळी घेऊन शांतपणे बसावे. उरलेल्या तिघांनी उपासनेची लांब वस्त्रे पांघरून, हातांत धूपपात्रे घेऊन, काहीतरी शोधीत असल्यासारखे एकेक पाऊल टाकीत यावे. त्यांना येताना पाहून बसलेल्याने मंद आणि मधुर स्वरात प्रश्न आरंभावा. संवादाच्या शेवटी पडदा उचलून कबर रिकामी असल्याचे दाखवावे. तेथे केवळ क्रूस गुंडाळला होता ती तागाची वस्त्रे उरलेली असावीत. तिघांनी धूपपात्रे खाली ठेवून ती वस्त्रे सर्व धर्मबंधूंना दाखवावीत आणि नंतर वेदीवर ठेवावीत. त्यानंतर स्तुतिगीत सुरू व्हावे आणि सर्व घंटा एकदम वाजवाव्यात.

या सूचना वाचताना दिग्दर्शकाची दृष्टी पदोपदी जाणवते. ‘शोधीत असल्यासारखे’ हे शब्द मोठे मोलाचे आहेत. प्रश्न विचारला जाण्यापूर्वीच त्या तिघांच्या चालण्यातून त्यांची इच्छा प्रेक्षकांना कळलेली असते. म्हणून प्रश्न थोडक्यात येतो आणि उत्तरही थोडक्यात येते. आपल्या नाटकांत पात्र रंगमंचावर येताच आपण कोण, कोठून आलो आणि कशासाठी आलो हे सांगू लागते. हजार वर्षांपूर्वीच्या मठात ते काम पावलांवर आणि धूपपात्रांवर सोपवले होते. उरलेले तेवढेच शब्दांकडे आले.

पुढील दोन-तीन शतकांत या छोट्याशा प्रसंगाला फांद्या फुटत गेल्या. पेत्र आणि योहान कबरीकडे धावत जाऊ लागले. मरिया मग्दालियेला माळ्याच्या वेषातील प्रभू भेटू लागला. काही ठिकाणी तर कबरीकडे जाणाऱ्या स्त्रिया वाटेत थांबून सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याकडे खरेदी करू लागल्या. शुभवर्तमानात सुगंधी द्रव्यांचा उल्लेख आहे, व्यापाऱ्याचा नाही. पण द्रव्ये आणली म्हणजे ती कोठेतरी विकत घेतली असणार आणि विकणारा भाव करणारच! चौदाव्या शतकात बोहेमियात चेक भाषेत रचलेल्या एका नाट्यखंडात हा व्यापारी आणि त्याचा नोकर यांची बडबड इतकी रंगली आहे की, शोकाकुल स्त्रिया येईपर्यंत प्रेक्षक बाजारातच असल्यासारखा हसत असणार. शोक आणि सौदा शेजारी येताच दोघांचीही भाषा निराळी व्हावी लागते, ही गोष्ट येथे नाटककाराच्या हाती आली.

प्रत्येक पात्राची वाणी निराळी असावी, हे तत्त्व बाराव्या शतकात एका संत स्त्रीने अत्यंत धीटपणे वापरले. जर्मनीतील ऱ्हाईन नदीकाठच्या मठाची प्रमुख संत हिल्डेगार्ड हिने ११५१ च्या सुमारास ‘ओर्दो विर्तुतुम’ हे संगीत नाटक रचले. याच हिल्डेगार्डला २०१२ साली सोळावे बेनेडिक्ट यांनी ख्रिस्तसभेच्या आचार्यांत स्थान दिले. तिच्या नाटकात नम्रता, प्रीती, आज्ञापालन असे सद्गुण गातात, मोहात सापडलेला आत्माही गातो. एकच पात्र गात नाही, ते म्हणजे सैतान. त्याला फक्त आरडाओरड करीत बोलता येते. संगीत हे देवाशी असलेल्या सुसंवादाचे चिन्ह आहे आणि जो त्या सुसंवादातून बाहेर पडला त्याला सूर लागणार नाही, असा हा विचार. सैतान वाईट आहे असे कोणा पात्राकडून वदवून घेण्याची तिला गरज उरली नाही, कारण त्याने तोंड उघडताच ते ऐकू येते.

त्याच शतकात आणखी एक मोठी घटना घडली. नाटकाने लॅटिन सोडून लोकांची भाषा जवळ केली. ‘आदामाचे नाटक’ म्हणून ओळखली जाणारी कृती बाराव्या शतकाच्या मध्याच्या सुमाराची आहे. तिच्यातील संवाद त्या काळी इंग्लंडमध्ये राज्यकर्त्यांच्या तोंडी असलेल्या फ्रेंच बोलीत आहेत, तर दिग्दर्शनाच्या सूचना लॅटिनमध्ये आहेत. आरंभीच्या सूचनेत लेखकाने संवादासंबंधी जे सांगितले आहे ते आजच्या तालमीतही मोठ्याने वाचून दाखवावे असे आहे. आदामाचे काम करणाऱ्याला उत्तर केव्हा द्यावे याचे नीट शिक्षण द्यावे, त्याने फार लवकर बोलू नये आणि फार उशीरही करू नये. सर्वांनी सावकाश, संयमाने बोलावे. पद्यातील एकही अक्षर वाढवू नये आणि गाळू नये. नंदनवनाचे नाव घेणाऱ्याने त्या दिशेला पाहावे आणि हाताने ते दाखवावे.

या नाटकातील मोहाचा प्रसंग संवादलेखनाचा उत्तम पाठ आहे. सैतान प्रथम आदामाकडे जातो. अधिकाराचा, मोठेपणाचा मोह दाखवतो. आदाम त्याला झिडकारतो. सैतान पुन्हा येतो, आदाम पुन्हा नकार देतो. मग तो एवेकडे जातो आणि त्याची भाषाच बदलते. आता तो फळाविषयी बोलतच नाही. तो प्रथम तिच्याविषयी बोलतो. ती नाजूक आहे, कोमल आहे, शहाणी आहे. आदाम मात्र कठोर आहे, त्याला कळत नाही. मग आपल्याला एक गुपित सांगावयाचे आहे, पण ते कोणाला कळता कामा नये, असे तो सुचवतो. वाक्ये आखूड होत जातात. एका ओळीचा अर्धा भाग तो बोलतो आणि उरलेला अर्धा ती पूर्ण करते. ज्या क्षणी ती त्याची ओळ पूर्ण करू लागते, त्या क्षणी ती त्याच्या बाजूला झुकली आहे हे प्रेक्षकाला कळून चुकते. फळ हाती येण्यापूर्वीच पतन संवादात घडून गेलेले असते. मोह कसा पडतो हे प्रवचनात सांगावयास एक तास लागेल. येथे ते अर्ध्या-अर्ध्या ओळींनी साधले आहे.

यापुढचा टप्पा मठाबाहेर, नगरांच्या रस्त्यांवर आहे. चौथे अर्बन यांनी १२६४ साली ख्रिस्तशरीराचा सण, म्हणजे ‘कॉर्पस ख्रिस्ती’, सर्व ख्रिस्तसभेसाठी जाहीर केला. चौदाव्या शतकात तो सर्वत्र पसरला. जूनच्या आसपास येणाऱ्या या सणाच्या निमित्ताने इंग्लंडमधील नगरांत विश्वाच्या निर्मितीपासून अखेरच्या न्यायापर्यंतची नाटके सादर होऊ लागली. यॉर्क नगरातील या प्रथेचा पहिला उल्लेख १३७६ सालचा आहे. तेथील जवळजवळ पन्नास लहान नाटके चाकांच्या गाड्यांवर होत. नट पहाटे साडेचारच्या सुमारास सज्ज असत आणि गाडे रस्त्यांतील ठरलेल्या ठिकाणी थांबत थांबत दिवसभर खेळ करीत. एकेक नाटक एकेका कारागीरसंघाकडे असे. नोहाचे तारू जहाज बांधणारे सुतार करीत, अखेरचे भोजन रोटी भाजणारे करीत आणि प्रभूला क्रुसावर खिळण्याचा प्रसंग खिळे-टाचण्या बनवणाऱ्यांच्या संघाकडे होता.

हा क्रुसाचा प्रसंग मध्ययुगीन संवादकलेचे शिखर मानला जातो आणि ते योग्यच आहे. रंगमंचावर चार शिपाई आहेत. प्रभू येशू पहिल्यांदा बोलतो ते पित्याला प्रार्थना करताना. मानवजातीसाठी आपण हे मरण स्वीकारीत आहोत असे सांगून तो स्वतःच क्रुसावर आडवा होतो. त्यानंतर बराच वेळ केवळ शिपाई बोलतात. आणि ते काय बोलतात? ते कामाविषयी बोलतात. खिळ्यांसाठी पाडलेली भोके चुकली आहेत, हात तेथपर्यंत पोहोचत नाही. मग दोर आणा, ओढा. कोणी नीट ओढीत नाही म्हणून दुसरा त्याच्यावर खेकसतो. क्रूस उचलताना एकाचा खांदा निखळल्यासारखा होतो, दुसरा धापा टाकीत तो खाली ठेवावयास सांगतो. रोवण्यासाठी केलेला खड्डा फार रुंद झाला आहे, क्रूस डुलतो, म्हणून पाचरी ठोका. एका कडव्याच्या ओळी चौघांत वाटून दिल्या आहेत. एकाचे बोलणे संपते तेथे दुसऱ्याचे सुरू होते, जसे जड ओझे उचलणाऱ्या मजुरांचे होते.

या शिपायांत एकही राक्षस नाही. ते कोणा बांधकामावरच्या कामगारांसारखे आहेत. आपल्या हातून काय घडते आहे, हा विचार त्यांच्या बोलण्यात कोठेही येत नाही. काम अडले आहे आणि ते उरकले पाहिजे, एवढेच त्यांना समजते. त्यांच्या बडबडीच्या मध्यभागी प्रभूचे मौन आहे. क्रूस उभा राहतो, तेव्हाच तो दुसऱ्यांदा आणि अखेरचा बोलतो. वाटेने जाणाऱ्यांना तो आपल्या वेदनांकडे पाहावयास सांगतो आणि आपल्याला खिळणाऱ्यांसाठी क्षमा मागतो. त्यावर शिपाई म्हणतात की, हा पाखरासारखा बडबडतो आहे आणि वस्त्रांच्या वाटणीकडे वळतात.

रस्त्यात उभ्या असलेल्या यॉर्कच्या रहिवाशाला हे बोलणे ओळखीचे होते. तो स्वतः आपल्या कामावर याच शब्दांत चिडत असे. समोर हातोडा मारणारा नट हा त्याच्या शेजारचा खिळे करणारा होता. प्रभूला क्रुसावर कोणी दूरदेशीच्या दुष्टांनी खिळले नाही, तर आपल्यासारख्याच, आपल्यासारखेच बोलणाऱ्या माणसांनी खिळले, हे सत्य त्या प्रसंगात एकाही पात्राने उच्चारलेले नाही. ते प्रेक्षकाच्या स्वतःच्या भाषेनेच त्याच्यापर्यंत पोहोचवले.

नाताळच्या नाटकांसाठी तर याहूनही जवळचे उदाहरण आहे. वेकफिल्ड या गावाशी ज्याचे नाते जोडले जाते, त्या टाऊनली हस्तलिखितात ३२ नाटके आहेत. त्यांत एक ‘मेंढपाळांचे दुसरे नाटक’ आहे. त्याच्या लेखकाचे नाव ठाऊक नसल्याने त्याला ‘वेकफिल्डचा कवी’ असेच म्हणतात. नाटक पंधराव्या शतकातील आहे. मेंढपाळ रंगमंचावर येतात ते तारणाऱ्याची वाट पाहत नव्हे, तर थंडीने कुडकुडत. एक जण कर आणि जमीनदारांची माणसे यांविषयी कुरकुरतो, दुसरा संसाराचे रडगाणे गातो, तिसरा मालकांच्या कंजूषपणाविषयी बोलतो. मॅक नावाचा मेंढीचोर येतो. आपण राजाचे अधिकारी आहोत असे भासवण्यासाठी तो दक्षिणेकडील दरबारी उच्चारांत बोलू लागतो. मेंढपाळ त्याला तत्काळ ओळखतात आणि ते उसने उच्चार टाकून दे असे सुनावतात. एकाच भाषेतील दोन बोली समोरासमोर आणून लेखकाने ढोंग आणि खरेपणा यांतील अंतर दाखवले, तेही विनोदाने.

मॅक मेंढी चोरतो आणि त्याची बायको ती पाळण्यात लपवून आपल्याला मूल झाले आहे असे सांगते. मेंढपाळ घर धुंडाळतात, काही सापडत नाही म्हणून निघून जातात. मग एकाच्या मनात येते की, बाळाला आपण काहीच दिले नाही. ओवाळणी द्यावयास ते परत येतात आणि पाळण्यात शिंगे असलेले बाळ सापडते! त्या काळी अशा चोरीला फाशी होऊ शकत असे. मेंढपाळ मात्र मॅकला एका कापडात घालून उधळतात आणि सोडून देतात. ही दया दाखवून थकून पडतात, तोच देवदूताचे गाणे ऐकू येते. पुढे बेथलेहेमच्या गोठ्यात हेच रांगडे गडी दुसऱ्या पाळण्यापुढे वाकतात. एक जण बाळाला चेरीचा घोस देतो, दुसरा पाखरू, तिसरा चेंडू. मघाशी शिव्या देणाऱ्या त्या जिभेवर आता तान्ह्याशी बोलावयाचे लाडके शब्द येतात. भाषा तीच, गावची. परंतु तिचा स्वर बदललेला आहे. मेंढपाळ आरंभीच भाविक भाषेत बोलले असते, तर या बदलाला जागाच उरली नसती.

हा सगळा बहर सोळाव्या शतकात संपला. धर्मसुधारणेनंतरच्या इंग्लंडमधील अधिकाऱ्यांना ही जुनी नाटके नकोशी झाली. १५७६ साली वेकफिल्डला आज्ञा गेली की, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचे तसेच पवित्र संस्कारांचे सोंग रंगमंचावर आणू नये. यॉर्कचा शेवटचा खेळ १५६९ साली झाला होता, चेस्टरचा १५७५ साली झाला आणि कॉव्हेंट्रीचा १५७९ साली. कॉव्हेंट्रीपासून सुमारे ३० किलोमीटरवरील स्ट्रॅटफर्ड गावात तेव्हा विल्यम शेक्सपिअर नावाचा पंधरा वर्षांचा मुलगा राहत होता. त्याने पुढे ‘हॅम्लेट’मध्ये अतिरेकी आरडाओरड करणाऱ्या नटाची तुलना हेरोदाशी केली, ती कदाचित या नाटकांच्या आठवणीतून आली असावी. कॉव्हेंट्रीच्या हेरोदाने गाड्यावरून उतरून रस्त्यातही थयथयाट करावा, अशी सूचनाच संहितेत होती. यॉर्कच्या नाटकांचे पुनरुज्जीवन मात्र १९५१ सालापर्यंत लांबले.

याच १५७९ सालाचे आपल्याशी एक नाते आहे. त्या वर्षीच्या ऑक्टोबर महिन्यात एक इंग्रज येशूसंघीय तरुण गोव्याच्या किनाऱ्यावर उतरला. तो म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स, ‘ख्रिस्तपुराणा’चा कर्ता. ते नाटककार नव्हते आणि त्यांचे काव्य नाटक नव्हे. परंतु त्यांनी लोकांच्या हृदयाशी बोलण्यासाठी लोकांची भाषा आणि लोकांचा ओवी छंद उचलला आणि सुमारे ११ हजार ओव्यांचे पुराण १६१६ साली राचोल येथे छापून काढले. त्या पुराणात श्रोते शंका विचारतात आणि पाद्री-गुरू त्यांना उत्तरे देतात. म्हणजे येथेही विधानाचा प्रश्न झाला आणि मुक्या श्रोत्याला वाचा मिळाली. पुढे १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत ‘इटालियन भुरगो’ या कोकणी तियात्राचा पहिला खेळ झाला आणि गोव्याच्या ख्रिस्ती कष्टकऱ्यांना त्यांच्याच बोलीत हसवणारी आणि रडवणारी रंगभूमी उभी राहिली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेत लोकभाषेला वाट करून दिली आणि मिस्सा मराठीतून होऊ लागली, हे तर आपल्या वाडवडिलांनी स्वतः अनुभवले आहे.

आता आपल्या तालमीकडे वळू. आपल्यापैकी कित्येकांच्या घरात सामवेदी, वाडवळी, आगरी, कोळी अशा बोली आहेत. स्वयंपाकघरात, वाडीत, होडीवर आपण त्या बोलतो. रंगमंचावर पाऊल ठेवताच मात्र आपला मेंढपाळ पुस्तकी मराठी बोलू लागतो, कारण पवित्र प्रसंगाला घरची बोली शोभणार नाही अशी भीती आपल्या मनात असते. ही भीती नवीन नाही. यॉर्कच्या आणि वेकफिल्डच्या लेखकांसमोरही ती असणारच. घरची बोली आल्याने प्रसंगाचे पावित्र्य उणावत नाही, उलट तो प्रेक्षकाच्या उंबरठ्यापर्यंत येतो, हे त्यांच्या नाटकांनी दाखवून दिले. गाव्हाणीत जन्मलेल्या प्रभूच्या कथेत शेतकऱ्याची आणि मासेविक्या बाईची भाषा परकी कशी ठरावी?

बोली वापरली म्हणजे संवाद आपोआप जिवंत होतो, असेही नाही. त्यासाठी जुन्यांचे उरलेले धडेही गिरवावे लागतात. पात्र रंगमंचावर येते तेव्हा त्याला काय हवे आहे, हे लेखकाने प्रथम स्वतःशी निश्चित करावे. कबरीकडे येणाऱ्या स्त्रियांना प्रेत हवे होते, यॉर्कच्या शिपायांना काम उरकावयाचे होते. जे चालण्यातून किंवा हातातील वस्तूतून कळते, ते शब्दांतून सांगू नये. सैतानाने आणि आदामाने एकसारखे बोलू नये. ज्याच्याशी बोलावयाचे तो माणूस बदलला की बोलणाऱ्याचे शब्दही बदलावेत. प्रसंगाचा जो अर्थ आहे, तो पात्राच्या तोंडी घालण्याचा मोह टाळावा, कारण तो अर्थ शोधून काढणे हा प्रेक्षकाचा हक्क आहे. आणि प्रभूला फार बोलावयास लावू नये. त्याच्याभोवतीची माणसे खरी बोलली, तर त्याचे मौन सर्वांत स्पष्ट ऐकू येते.

हे शिकावयास मोठे नाट्यगृह लागत नाही आणि खर्चही येत नाही. संहिता हाती आली की ती प्रथम दोघांनी समोरासमोर बसून मोठ्याने वाचावी. एकाच्या वाक्यानंतर दुसऱ्याला खरोखर उत्तर द्यावेसे वाटते का, हे तपासावे. वाटत नसेल तर ते वाक्य प्रेक्षकांना उद्देशून लिहिले आहे असे समजावे आणि खोडावे. दहाव्या शतकातील त्या मठवासीयाने शुभवर्तमानातील एका विधानाचा प्रश्न केला आणि युरोपची रंगभूमी पुन्हा बोलू लागली. आपल्या धर्मग्रामातील तरुण लेखकांनी येत्या नाताळच्या संहितेत निदान एका मेंढपाळाला त्याच्या घरच्या बोलीत एक खरा प्रश्न विचारू द्यावा. उत्तर काय येते, ते ऐकावयास गाव नक्की थांबेल.